घरी घडवलेली ॲल्युमिनियमची टाकी: पावसाळ्यानंतरचा अनुभव, मुख्यतः झाकणाचा

कास्ट आयर्न (ओतीव लोखंडी) इंजिनाच्या जुन्या बुलेट ३५०साठी घरी घडवलेल्या ॲल्युमिनियमच्या पेट्रोल टाकीबद्दल लिहिण्याचे मी मुद्दाम लांबवले, कारण एका सिलिंडरच्या थरथरीने ती तडकेल असे सांगणाऱ्यांना निदान एक पावसाळा दाखवावा असे मनात होते. पावसाळा सरला आणि टाकी शाबूत आहे. मात्र तिच्यावर बसवलेल्या विकतच्या झाकणाने वाईहून पाचगणीला चढताना पसरणी घाटात मला इतका त्रास दिला, की या लेखात टाकीपेक्षा त्याचाच पाढा अधिक येणार आहे.

पत्रा ५०५२ जातीचा, दोन मिलिमीटर जाडीचा घेतला. ६०६१ टी६ ही अधिक कडक जात वाकवताना तडकते आणि तिची ताकद वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळ उतरते. ॲल्युमिनियम तापून लाल होत नाही, थेट वितळते. म्हणून पत्रा मऊ करताना त्यावर आधी ॲसिटिलीनची काजळी धरून, ती जळून जाईपर्यंतच ज्योत फिरवायची आणि मग वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोडीने ठोकायचे. आर्गॉन वेल्डिंग (आर्गॉन वायूच्या आवरणात विजेच्या ज्योतीने केलेले) एसी, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या, प्रवाहावरच करावे लागते, कारण वरचा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांच्या वर वितळतो आणि खालचा धातू साधारण ६५० अंशांच्या आसपास, आणि तो थर फोडण्याचे काम हा प्रवाह करतो. गळती तपासताना ०.२ बारपेक्षा (बार हे दाबाचे माप) अधिक दाबाने हवा भरू नये, नाहीतर टाकी फुगते. ॲल्युमिनियम थरथरीने थकत जाते, म्हणून टाकी गाडीला धरून ठेवणाऱ्या मागच्या पट्टीखाली जास्तीचा पत्रा जोडून भार पसरवला आणि सर्व बोल्ट रबर बुशमधून (थरथर शोषणाऱ्या रबरी नळकांड्यांतून) घेतले.

वजन कमी होईल या आशेने मी हा खटाटोप आरंभला होता, पण तो मुद्दा आता माझ्या लेखी फारसा उरलेला नाही. धातू लोखंडाच्या जेमतेम एक तृतीयांश वजनाचा असला तरी पत्रा दुप्पट जाड घ्यावा लागतो, आणि भरलेल्या टाकीतले पेट्रोलच दहा किलोच्या आसपास असते. खरा लाभ गंजाचा आहे. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पाणी ओढून घेते, ते पाणी फार झाले की वेगळे होऊन तळाशी साचते, आणि जुनी लोखंडी टाकी त्यामुळेच आतून सोलत होती. तिच्या मानाने ही आजही आतून लख्ख आहे.

आता झाकण. कुलूपवाले, पृष्ठभागाशी सपाट बसणारे हे झाकण संपूर्ण टाकीच्या पत्र्याहून महाग पडले, आणि त्यातली हवा आत घेणारी झडप इतकी घट्ट आहे की ती चिकटली की उघडतच नाही. इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरकडे पेट्रोल केवळ स्वतःच्या वजनाने उतरते. उतरलेल्या पेट्रोलची जागा हवेने घेतली नाही, तर टाकीत निर्वात तयार होऊन प्रवाह थांबतो. टाकी काठोकाठ भरलेली असली की वर हवा थोडीच असते, त्यामुळे पेट्रोल भरून निघाल्यावरच गाडी लवकर बंद पडायची. त्यात उन्हात तापलेल्या टाकीवर सर आली की आतली वाफ आकसून निर्वात आणखी वाढायचा. पावसात बंद पडणारी बुलेट म्हटल्यावर मेकॅनिकने प्लग, कॉइल आणि पॉइंट या ठिणगी पाडणाऱ्या सर्व भागांवर माझे पैसे खर्च करवले. शेवटी झाकण उघडताच ‘सूं’ असा आवाज आला आणि पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. मूळ झाकण किती साधे होते आणि मला कधी त्याची दखलही घ्यावी लागली नव्हती!

विक्रेत्याचे उत्तर असे, की वस्तू केवळ शर्यतीच्या वापरासाठी आहे आणि एकदा बसवलेला माल परत घेतला जात नाही. शर्यतीतल्या गाडीला हवा लागत नाही काय, या माझ्या प्रश्नावर पुढे काहीच उत्तर आले नाही.

झाकणाला सरळ भोक पाडण्याचा सल्ला अनेकांनी दिला, पण त्यातून पावसाचे पाणी थेट पेट्रोलमध्ये उतरले असते. म्हणून टाकीलाच वरच्या बाजूने हवा आत घेणारी वेगळी ब्रीदर नळी जोडून तिचे तोंड खाली सोडले. वापरलेल्या टाकीवर वेल्डिंग करणे म्हणजे पेट्रोलच्या वाफेशी खेळ आहे. टाकी रिकामी करून, साबण आणि गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन, वाळवून, आत आर्गॉन सोडल्याखेरीज कोणत्याही वेल्डरला ज्योत जवळ नेऊ देऊ नये. तेव्हापासून घाटात एकदाही थांबावे लागलेले नाही, मात्र पॉलिश केलेल्या पाठीवर वेल्डिंगचा डाग कायमचा आला आणि त्याचे पैसे मी मनातल्या मनात झाकणाच्याच खात्यावर मांडले आहेत.

बाकी तक्रारी किरकोळ आहेत. चुंबकी टँक बॅग या टाकीला चिकटत नाही, त्यामुळे पट्ट्यांची दुसरी घ्यावी लागली. टाकीखालच्या पेट्रोलच्या पितळी कॉकभोवती पांढरी भुकटी धरू लागली आहे, तेव्हा तो पुढच्या पावसाळ्याआधी ॲल्युमिनियमचा बसवणार आहे. कोणी अशी टाकी घडवायला घेणार असेल, तर झाकण आधी विकत घ्यावे, त्यातून तोंडाने हवा ओढून पाहावी, आणि ती सहज येत नसेल तर टाकीच्या तोंडाची रिंग वेल्ड करण्यापूर्वीच ते परत पाठवावे.