कमी पेन्शनमध्ये परदेशात राहा म्हणणारं पॅकेज: घ्यावं का?

आधीच सांगून टाकते, व्हिसाची कागदपत्रं करून घ्यायची असतील तर निवृत्तांना स्वस्त देशात राहायची सोय लावून देणारी ही सर्व्हिस झकास आहे, पैशाचा हिशोब मात्र यांच्या भरवशावर सोडू नका. कंपनीचं नाव घेत नाही, कारण अशा कंपन्या आता ढिगाने झाल्यात आणि ब्रोशर बघाल तर सगळ्यांचं सारखंच, समुद्रकिनारा, पिकल्या केसांचं हसरं जोडपं आणि खाली मोठ्या अक्षरात महिन्याचं घरभाडं. बाकीचं बारीक अक्षरात.

मी आयुष्यभर बँकेत काउंटरच्या आत बसलेली बाई आहे त्यामुळे बारीक अक्षर आधी वाचायची सवय. आमच्या ह्यांना मात्र ब्रोशर बघूनच तिथे राहायला गेल्यासारखं वाटत होतं.

पॅकेजमध्ये काय मिळतं तर आधी ऑनलाइन सल्ला, मग एक बजेट शीट, मग एक छोटी 'बघून या' टूर आणि शेवटी व्हिसाची फाइल. फी टप्प्याटप्प्याने घेतात, ही चांगली गोष्ट, म्हणजे मधेच थांबायचं तर थांबता येतं. सल्ल्यात पनामा, पोर्तुगाल, मलेशिया, थायलंड असे पर्याय दाखवले. पनामाचा भाग त्यांनी नीट सांगितला हे मान्य करते, तिथे पेन्शनाडो नावाचा व्हिसा आहे, महिना किमान 1,000 डॉलर पेन्शन लागते, चलन अमेरिकन डॉलरच चालतं आणि 1987 च्या कायद्याने ज्येष्ठांना विमानाच्या तिकिटापासून सिनेमापर्यंत बऱ्याच गोष्टींवर सूट मिळते. पण ती पेन्शन तहहयात मिळणारी हवी. साठवलेल्या पैशाच्या व्याजावर जगणाऱ्यांना तो व्हिसा नाही. सल्ला देणाऱ्या मुलाने हे मी विचारल्यावर सांगितलं, आपणहून नाही.

पोर्तुगालचं पान तर शिळं होतं. त्यात परदेशी पेन्शनवर टॅक्स नाही असं छापलेलं. ती सवलत 2009 पासून होती खरी पण 2020 मध्ये नव्या लोकांना 10 टक्के टॅक्स लागला आणि 2024 मध्ये ती स्कीमच नव्या लोकांसाठी बंद झाली. मी म्हटलं बाळा, हे बदलून घे, तर म्हणे 'मॅडम डिझाइन टीमला सांगतो'. मलेशियाचंही तेच. तिथला 'मलेशिया माय सेकंड होम' हा प्रोग्राम 2002 पासूनचा, मध्यमवर्गीय पेन्शनरांचा आवडता, 2021 मध्ये महिन्याच्या उत्पन्नाची अट 10,000 रिंगिटवरून (रिंगिट म्हणजे तिथलं चलन) एकदम 40,000 वर नेली, मग ओरड झाली, मग 2024 मध्ये सिल्व्हर गोल्ड प्लॅटिनम असे वर्ग केले आणि त्यातल्या सिल्व्हरलाही दीड लाख डॉलरची एफडी आणि वर घर विकत घ्यायची अट. आता मर्यादित उत्पन्नवाल्या माणसाकडे दीड लाख डॉलर बाजूला ठेवायला असते तर तो स्वस्त देश शोधत कशाला फिरला असता?

तर गाडी आली थायलंडवर, आणि आमचं पॅकेजही तिथलंच झालं.

टूर छान होती हो, खोटं कशाला बोलू. च्यांग माई आणि हुआ हिन दाखवलं, भाड्याचे कॉन्डो दाखवले, एक मोठं खाजगी हॉस्पिटल दाखवलं. आधीपासून राहणाऱ्या परदेशी पेन्शनर लोकांशी गप्पा घडवल्या, आणि पॅकेजमधली सगळ्यात कामाची गोष्ट तीच निघाली, कारण त्या लोकांना काही विकायचं नव्हतं. एका ब्रिटिश आजोबांनी सांगितलं की त्यांची सरकारी पेन्शन ते तिथे राहायला गेले त्या रकमेवर गोठलीये. ब्रिटन थायलंडमध्ये राहणाऱ्यांची पेन्शन दरवर्षी वाढवत नाही, फिलिपिन्समध्ये राहिलात तर वाढवतं, कारण त्या देशाशी करार आहे. अमेरिकन लोकांचं दुखणं वेगळं, त्यांचं मेडिकेअर, म्हणजे म्हातारपणीचा सरकारी आरोग्यविमा, देशाबाहेर जवळपास चालतच नाही. म्हणजे कुठे जायचं हे ठरवायच्या आधी तुमची पेन्शन कोण देतं आणि तुम्ही बाहेर राहिल्यावर ती वाढते का, टॅक्स कुठे लागतो, हयातीचा दाखला कुठून द्यायचा हे बघा. बजेट शीटमध्ये यातला एकही प्रश्न नाही. सीझनबद्दलही त्याच लोकांनी सांगितलं, च्यांग माईला साधारण फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर असतो, दम्याच्या माणसाने तेव्हा तिथे राहू नये. टूर अर्थातच थंडीत नेतात.

आता बजेट शीट. एक्सेलची सुंदर रंगीत फाइल. भाडं, वीज, किराणा, मोबाइल, हॉटेलिंग, मसाजसुद्धा. खाली हिरव्या रंगात 'दरमहा बचत'. मी तिचे सेल उघडून बघितले तर डॉलरचा भाव एकच टाकलेला, पुढच्या वीस वर्षांसाठी तोच. 2001 च्या सुमारास एका डॉलरला 45 बाहत (बाहत म्हणजे थायलंडचं चलन) मिळायचे, 2013 च्या एप्रिलमध्ये 29 च्याही खाली गेला होता. म्हणजे 1,000 डॉलर पेन्शनचे 45,000 होत होते तिथे 29,000 सुद्धा हातात येईनात, आणि घरभाडं काही तुमच्यासाठी कमी होत नाही. नंतर भाव परत वर आलाही पण मधली वर्षं काढायची कशी? मी त्या सेलमध्ये भाव कमी टाकून बघितला आणि हिरवा आकडा लगेच लाल झाला. फाइलमध्ये लाल रंगाची सोय होती हे बघून बरं वाटलं.

दुसरी गोष्ट डिपॉझिटची. निवृत्त म्हणून थायलंडमध्ये राहायची परवानगी हवी तर वय 50 पूर्ण हवं आणि थाई बँकेत 8 लाख बाहत, नाहीतर दरमहा 65,000 बाहत उत्पन्न, किंवा दोन्हीची बेरीज वर्षाला 8 लाख. शीटमध्ये हे 8 लाख 'सेव्हिंग' म्हणून धरलेत. अहो कसलं सेव्हिंग! एक वर्षाचं एक्स्टेन्शन, म्हणजे राहायची मुदतवाढ, मागायच्या आधी दोन महिने पूर्ण 8 लाख खात्यात पडून हवेत, मंजूर झाल्यावर पुढचे तीन महिने पूर्ण हवेत, आणि उरलेल्या वर्षातही 4 लाखाच्या खाली जाता येत नाही. म्हणजे पैसा तुमचा, पासबुक तुमचं, पण दवाखान्यात रात्री अॅडव्हान्स मागितला तर त्याला हात लावायचा की नाही हा विचार. ज्याच्याकडे एवढीच शिल्लक आहे त्याने हे पैसे गेलेच असं समजून उरलेल्यात भागतंय का ते बघावं.

आणि विमा. कंपनीवाले सरसकट ओ-ए नावाचा निवृत्तांचा व्हिसा करायला लावतात, कारण तो निघायच्या आधीच होतो आणि त्यांची फाइल लवकर बंद होते. पण 2019 पासून ओ-ए ला आरोग्यविमा सक्तीचा आहे आणि 2021 मध्ये त्याची रक्कम वाढवून 30 लाख बाहत म्हणजे साधारण 1 लाख डॉलरचं कव्हर केलं होतं. नॉन-ओ नावाच्या साध्या, कमी मुदतीच्या व्हिसावर जाऊन तिथे एक्स्टेन्शन घेतलं तर ही सक्ती नाही. याचा अर्थ विमा काढू नका असा नाही, उलट साठीनंतर परदेशात बिनविम्याचं राहणं म्हणजे जुगार आहे, पण कुठला काढायचा, किती कव्हरचा हे आपल्याला ठरवता यायला हवं ना. शीटमध्ये विम्याचा हप्ता दरवर्षी तोच. सत्तरीत हप्ता किती होईल विचारलं तर उत्तर आलं 'तो केस टू केस असतो मॅडम'. काही कंपन्या तर त्या वयात नवीन पॉलिसीच देत नाहीत, जुनं एखादं दुखणं असलं की विचारूच नका.

टॅक्सबद्दलही गप्प. वर्षात 180 दिवस राहिलात की तुम्ही तिथले टॅक्स रेसिडेंट, आणि 1 जानेवारी 2024 पासून मिळवलेलं परदेशी उत्पन्न थायलंडमध्ये आणलं की ते टॅक्समध्ये धरलं जातं. दुहेरी टॅक्स टाळायचे करार असतात, सवलती असतात, बऱ्याच पेन्शनरांना शेवटी फार लागणारही नाही, पण शीटमध्ये निदान एक रिकामी ओळ तरी ठेवायची.

एवढं झोडपल्यावर आता फाइलिंगचं कौतुक करते, कारण तिथे ही पोरं खरंच हुशार आहेत. बँकेचं पत्र आणि पासबुक त्याच दिवशीचं लागतं, म्हणून आमचा जो माणूस होता तो इमिग्रेशनला जायच्या आधी सकाळी बँकेत घेऊन गेला, खात्यात थोडीशी रक्कम भरायला लावली म्हणजे आजच्या तारखेची एंट्री छापून येते, आणि तिथेच उभं राहून प्रत्येक झेरॉक्सवर सही करून घेतली. मला तर आमच्या ब्रँचचा जुना हेडक्लार्क आठवला. घरमालकाने पत्त्याची नोंद केल्याचा टीएम 30 चा कागद आहे का हे त्याने आदल्या दिवशीच बघून ठेवलं होतं. एक्स्टेन्शनची सरकारी फी 1,900 बाहत, देशाबाहेर जाऊन यायचं तर जायच्या आधी री-एंट्री परमिट, एका वेळेचं 1,000 आणि कितीही वेळा जायला 3,800, ते न घेता बाहेर पडलात तर सगळं एक्स्टेन्शन रद्द. दर 90 दिवसांनी पत्ता कळवायचा, उशीर झाला तर 2,000 दंड. हे सगळं त्याने कॅलेंडरमध्ये टाकून दिलं. सुरुवातीच्या वर्षाला असा माणूस असावा, पुढे आपलं आपण जमतं.

एक मोठं भगदाड मात्र राहिलंय. ते 8 लाखाचं खातं अर्जदाराच्या एकट्याच्या नावावर, आणि जोडीदार त्याच्यावर डिपेंडंट. तो अर्जदारच गेला तर खातं बंद पडतं, कोर्टाकडून वारसाची ऑर्डर आल्याशिवाय बँक पैसा देत नाही, आणि डिपेंडंटला राहायची परवानगी ज्याच्यामुळे होती तोच माणूस नाही. म्हणजे हातात पैसा नाही आणि व्हिसाही नाही अशा अवस्थेत म्हातारं माणूस परक्या देशात. हे मी विचारलं तेव्हा टेबलावर शांतताच झाली. यावर उपाय आहेत, तिथल्या कायद्याप्रमाणे थाई मृत्युपत्र करून ठेवायचं, शक्य असेल तर दोघांचा व्हिसा वेगवेगळ्या खात्यांवर घ्यायचा आणि थोडे पैसे दुसऱ्या देशातल्या जॉइंट खात्यात ठेवायचे. पण पॅकेजमध्ये यातलं काही नाही, मृत्युपत्राला वकील वेगळा आणि त्याची फी वेगळी.

माझं रेटिंग फाइलिंगला साडेचार, टूरला साडेतीन, सल्ल्याला दोन, बजेट शीटला अर्धा आणि तो अर्धा रंगसंगतीला. घ्यायचंच असेल तर सल्ला आणि शीट वगळून फक्त फाइलिंग द्या म्हणून सांगा, आधी नाही म्हणतात, जरा ताणून धरलं की देतात. आणि शेवटचा हप्ता पासपोर्टवर शिक्का बघितल्यावरच द्या.