खांदा-हाताचा फायबर बोन सेट: सहा महिने वापरून लिहितेय

अंबाजोगाईला मेडिकल फर्स्ट इयरला आहे. सिनियरकडून हाडं मिळतील म्हणून थांबले होते, पण आमच्यापर्यंत काही आलंच नाही, मग संभाजीनगरला मावशीकडे गेले तेव्हा औरंगपुऱ्यातल्या एका दुकानातून उजव्या हाताचा फायबर सेट, म्हणजे नकली हाडांचा, घेतला, २,४०० रुपये पडले. ३२ हाडं आहेत, म्हणजे हंसळी, खवाटा, दंडाचं एक, कोपर ते मनगट दोन, मनगटाची ८, तळहाताची ५, बोटांची १४. पूर्ण भरली, मोजून घेतली.

खांदा समजायला सेट लई भारी आहे. खवाट्यावरची खोबण, म्हणजे ग्लेनॉइड, पुस्तकात खोल वाटते, हातात घेतली की कळतं किती उथळ आहे, बशीत लिंबू ठेवावं तसं दंडाचं डोकं तिथं टेकतं, अर्धंसुद्धा आत बसत नाही. म्हणून तर हात सगळीकडं फिरतो, आणि म्हणूनच खांदा निखळतो पण जास्त, बहुतेक वेळा पुढच्या बाजूला. हे मला लेक्चरमधून नाही, ही दोन हाडं हातात घेऊन फिरवून कळलं.

आणि एक सांगायचंच आहे. मागच्या वर्षी सोयाबीनच्या राशीच्या वेळेला अण्णा ट्रॉलीवरून खांद्यावर पडले, हंसळी मोडली. तेव्हा एक्स-रे बघून घरात कुणालाच काही कळलं नव्हतं. सुट्टीत सेट घरी नेला, मायच्या हातात क्लॅव्हिकल, म्हणजे हंसळी, दिली, म्हणलं बोट फिरव, जिथं बाक बदलतो ना, छातीकडून तीनातले दोन हिस्से सोडून, जास्त करून तिथंच मोडते. तिनं हाड खाली ठेवलं आणि अण्णांच्या बनियनच्या पट्टीखाली तीच जागा चाचपली, जुळलेल्या हाडाचा उंचवटा तिथंच होता. बराच वेळ बोट काढलं नाही तिनं.

आता नाराजी. ह्युमरसच्या, म्हणजे दंडाच्या हाडाच्या, मागचा रेडियल ग्रूव्ह (तिरकी खाच) इतका पुसट आहे की नख फिरवलं तरी लागत नाही, आणि तीच जागा महत्त्वाची, तिथून रेडियल नर्व्ह जाते, हाड मधोमध मोडलं आणि नर्व्हला मार बसला की मनगट लुळं पडतं. न्यूट्रियंट फोरामेन, म्हणजे रक्तवाहिनी हाडात शिरते ते भोक, एकाही लांब हाडावर नाही, व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) त्याची दिशा हमखास विचारतात (हातात ती कोपराकडं असते). साच्याची जोडरेघ ह्युमरसवर खाली अशी उठून आलीय की रूममेट तिलाच सुप्राकॉन्डायलर रिज (कोपराच्या वरची हाडाची धार) समजून पाठ करत होती. मनगटाच्या हाडांत पिसिफॉर्म हे ट्रायक्वेट्रलच्या समोर, तळहाताच्या बाजूला पाहिजे, ह्यांनी कडेला चिकटवलंय, दुकानात फोन केला तर म्हणे चालतंय की. नाही चालत ओ, पोरं तेच बघून शिकायलेत.

तर सांधे समजायला जरूर घ्या, हाडांवरच्या खुणा मात्र डिसेक्शन हॉलमधल्या खऱ्या हाडांवरच शिका. घेताना क्लॅव्हिकल तिथंच तपासा, चपटं टोक खांद्याकडं, जाड गोल टोक छातीकडं, खाच खालच्या अंगाला, आणि असं धरल्यावर छातीकडचा बाक पुढं आला पाहिजे. मैत्रिणीच्या उजव्या सेटमध्ये डाव्या बाजूची निघाली होती, आणि बदलून घ्यायला तिला परत केजहून संभाजीनगरला जावं लागलं.