गुलाबी मनोरा आणि दट्ट्यांची पेटी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मुलगी पावणेतीन वर्षांची असताना मॉन्टेसरी पद्धतीची ही दोन लाकडी साधने आम्ही घरी आणली. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिले बालगृह उघडले, तेव्हापासून त्यांचा आग्रह असा की साधनानेच मुलाला त्याची चूक दाखवावी, मोठ्यांनी मध्ये पडू नये. मी दोन्ही साधने याच कसोटीवर पाहिली.

पेटी या कसोटीला पुरेपूर उतरली. तिच्यात एकाच उंचीचे, पण जाडी कमी होत जाणारे दहा दट्टे, म्हणजे लाकडी गोल ठोकळे, आणि प्रत्येकाच्या मापाचा एकेक खळगा असतो. जाड दट्ट्या अरुंद खळग्यात जातच नाही, आणि बारीक दट्ट्या रुंद खळग्यात बसवला तर शेवटी एखादा हातात उरतो. सुरुवातीला मुलगी त्या उरलेल्या दट्ट्यावर चिडत असे. तिसऱ्या आठवड्यात तिने आपणहून सगळे बाहेर काढले आणि पुन्हा मांडायला घेतले. मी मात्र जीभ चावून गप्प बसलो, आणि खरे सांगायचे तर अवघड भाग तोच होता.

मनोऱ्याचे तसे नाही. त्याचे दहा घन एक ते दहा सेंटिमीटर बाजूचे असतात, पण पाचाचा घन सहाच्या खाली लागला तरी मनोरा उभाच राहतो. इथे चूक केवळ डोळ्यांना कळते, आणि ज्या डोळ्यांना अजून फरक जाणवत नाही त्यांना ती कळणार कशी? दोन महिने हेच चालले. मग सुट्टीत तिचा सहा वर्षांचा आतेभाऊ आला आणि ‘आधी उरलेल्यातला सगळ्यात मोठा शोध’ असे दर वेळी सांगू लागला. चार दिवसांनी ती ते वाक्य स्वतःशीच पुटपुटत एकटी मनोरा रचत होती. जे मूल आज कुणाच्या मदतीने करते ते उद्या एकटे करते, हे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की यांचे म्हणणे मला पुस्तकापेक्षा त्या पुटपुटण्यातून अधिक समजले.

‘गणिताचा पाया पक्का होतो’ या जाहिरातीवर मात्र विसंबू नये. परवा तिच्यासमोरच एका पेल्यातले पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतले आणि कशात जास्त होते ते विचारले. तिने उंच पेला दाखवला. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या प्रयोगांत मुले साधारण सहा-सात वर्षांपर्यंत असेच उत्तर देत. आठ महिने घन रचून त्यात काही फरक पडलेला नाही.

एकच घ्यायचे असेल तर पेटी घ्यावी. मनोऱ्याचा रंग कोपऱ्यांवर लवकर उडतो, आणि एक सेंटिमीटरचा घन घरातल्या रांगत्या बाळाच्या तोंडात सहज जातो. आमचा तो सध्या वरच्या फडताळात आहे.