मॉडेल ए ची बॉडी, चासी कुणाची?

गेल्या शनिवारी भाचा जुळवायच्या प्लास्टिकच्या गाड्यांची दोन खोकी काखेत मारून आला. एकात १/२५ मापाची १९२९ ची फोर्ड मॉडेल ए रोडस्टर, दुसऱ्यात त्याच मापाची १९३२ ची फोर्ड. ऐन ताटं मांडायच्या वेळेला जेवणाच्या टेबलावर सगळे सुटे भाग पसरून म्हणाला, "मामा, हिची बॉडी तिच्या चासीवर चढवू, की हिचीच चासी कापून गाडी खाली घेऊ?"

मी विचारलं, "मडगार्ड ठेवणार का?"

निम्मा निर्णय इथेच होतो. मडगार्ड आणि फुटबोर्ड ठेवणार असाल तर चासी बदलण्याचा खटाटोप करूच नका. मॉडेल ए मध्ये बॉडी आणि फुटबोर्ड यांच्यामध्ये पत्र्याची एक पट्टी असते आणि चासीच्या दोन्ही लांब बाजू, म्हणजे रेल, तिच्याआड लपून जातात. आठवडाभर घासून बसवलेली चासी मग फक्त गाडी उलटी केल्यावर दिसणार. (आमच्याकडे येणारे पाहुणे मॉडेल पहिल्यांदा उलटंच करतात आणि समोरच्या काचेची चौकट मोडतात, ते सोडा.)

मडगार्ड काढून उघड्या चाकांची हॉट रॉड (जुनी गाडी बदलून वेगवान केलेली) करायची असेल तर मात्र माझं मत स्पष्ट आहे: ३२ ची चासी घ्या. मॉडेल ए ची रेल झाकलेली राहणार म्हणूनच बनवलेली, त्यामुळे मडगार्ड निघाले की बॉडीखाली ती काडीसारखी दिसते. १९३२ मध्ये फोर्डने ती झाकणपट्टी काढली आणि रेलची बाजूच दर्शनी केली. तिच्यावर लांबवर जाणारी एक दाबलेली रेघ आहे, आणि हॉट रॉडवाले भाळले ते त्या रेघेवर. खऱ्या गाड्यांत आणखी एक कारण होतं. मॉडेल ए चं चार सिलिंडरचं इंजिन ४० अश्वशक्तीचं, तर ३२ मध्ये आलेला व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचा, ६५ चा. असलं इंजिन बसवलं की जुनी हलकी चासी पिळवटायची. आपल्या प्लास्टिकच्या व्ही-८ मध्ये ताकद शून्य, तेव्हा हे कारण आपल्याला लागू नाही. आपला प्रश्न फक्त दिसण्याचा.

आता माप. मॉडेल ए चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, १०३.५ इंच, ३२ चा १०६. १/२५ मध्ये एक इंच म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर, हे लक्षात ठेवलं की निम्मं गणित तोंडी होतं. फरक अडीच मिलिमीटरचा. तो कापून काढायच्या भानगडीत पडू नका. मागचं चाक बॉडीच्या मागच्या कमानीत बरोबर मधोमध आणा आणि उरलेले अडीच मिलिमीटर पुढे जाऊ द्या. नाक किंचित लांब होतं, ते हॉट रॉडला शोभतं.

खरा त्रास रुंदीचा आहे. डॅशबोर्डाच्या आसपास ३२ ची चासी मॉडेल ए च्या बॉडीपेक्षा रुंद असते, त्यामुळे रेल बाहेर डोकावतात. शिंपी कमरेत आत घेतो तशा त्या आत घ्याव्या लागतात. रेलला आतल्या अंगाने, फायरवॉलच्या (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या) रेषेत, करवतीने पाऊणएक जाडीपर्यंत चीर द्यायची, हळूच वाकवायचं, सांधा चिकटवायचा, सुकल्यावर पुट्टी आणि पॉलिश पेपर. बाहेरच्या रेघेला पुट्टी लागू देऊ नका. ती एकदा बुजली की परत कोरताना सरळ येत नाही. माझ्या एका गाडीला अजून डाव्या बाजूला भुवई उडवल्यासारखी रेघ आहे. शिवाय रेलचा वरचा काठ सपाट नसतो आणि बॉडीचा खालचा असतो, म्हणून चिकटवण्याआधी दहा वेळा नुसतं बसवून बघा, उजेडासमोर धरून फट शोधा आणि बॉडीच्या आतली बाजू कानशीने उतरवा.

दुसरा मार्ग भाच्याने सुचवलेला: मूळचीच चासी ठेवून सीटच्या मागे रेल कापायच्या आणि मागचा तुकडा चार मिलिमीटर वर चढवून जोडायचा. गाडी मागून चार इंच खाली बसते. दुसरं किट लागत नाही, हा मोठा फायदा. पण सांधे चार, आणि चारही एका पातळीत आले नाहीत तर गाडी तीन चाकांवर उभी राहते. पहिल्याच कामाला हे नको. झालं तरी काडीसारखी रेल काडीसारखीच राहते.

तिसरा मार्ग म्हणजे चासी स्वतः बनवणं. खरे कारागीरही २ बाय ४ इंची चौकोनी पाइप वापरतात. आपल्याला २ बाय ४ मिलिमीटरची पॉलिस्टायरीन पट्टी पुरते. इंदूरच्या खजुरी बाजारातून आणलेला मिलिमीटरचा आलेखकागद काचेखाली ठेवायचा आणि त्याच्या रेघांवर चौकट जुळवायची. मजा भरपूर, पण ३२ ची ती रेघ कोरणं हाताने जमत नाही. आणि सनबोर्डच्या मोहात पडू नका. तो पीव्हीसीचा फेस आहे, किटचा गोंद त्याला वितळवून धरत नाही. माझी पहिली चासी मे महिन्याच्या दुपारी कपाटात आपोआप सुटी झाली होती. तुकड्यावर त्रिकोणात ६ हा आकडा दिसला तर ते पॉलिस्टायरीन, ते चालतं.

१९३४ ची चासी कुणी सुचवली तर नाही म्हणा. तिचा व्हीलबेस ११२ इंच, म्हणजे १/२५ मध्ये साडेआठ मिलिमीटर जास्त. तेवढं लपत नाही.

एक सापळा मात्र नक्की टाळा. जुनी मोनोग्राम कंपनीची बरीच किटं १/२४ ची असतात. त्यातली ३२ ची चासी ११२ मिलिमीटर व्हीलबेसची, तर तुमच्या १/२५ बॉडीला हवेत १०५. मी स्वतः खोक्यावरचं माप न वाचता एक मागवलं होतं. सात मिलिमीटरचा फरक डोळ्यात खुपतो, आणि रुंदीही जुळत नाही.

खर्चाचं म्हणाल तर दोन किटांचे पैसे जातात आणि ३२ ची बॉडी बिनचासीची उरते. ते परवडत नसेल तर रेव्हेल कंपनीचं १/२५ मधलं नवं १९२९ रोडस्टर शोधा. त्यात चासी ३२ च्या धर्तीचीच मिळते आणि आत घेण्याचं कामही वाचतं. कापाकापीत रस नसलेल्याने सरळ तेच घ्यावं.

हत्यारं इंदुरातच मिळतात. सराफ्यात सोनारांची बारीक करवत, तिची केसासारखी पाती आणि सुईएवढ्या कानशी मागा. पाती डझनाने घ्या, तुटतात. फक्त जायचं दिवसा. रात्री तिथे खाऊगल्ली भरते; गराडू (तळलेला कंद) खायला तेव्हा गेलात तर ही दुकानं बंद असतात.

भाच्याने मडगार्ड परत खोक्यात टाकले आणि ३२ च्या रेल कात्रीने झाडावरून (सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून) सोडवायला घेतल्या. मी कात्री काढून घेतली आणि त्याला नखं कापायचं नेलकटर दिलं.