वॉर्डरोबमधली लाइट चार्जिंगची निघाली

घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ आम्ही रिसेलचा टू बीएचके घेतला. हॉल-किचनचे लाइट आधीच्या लोकांनी चांगले लावलेले, त्यामुळे तिकडे हात लावायचा नव्हता, राहिलं होतं ते सगळं सटरफटर, म्हणजे पॅसेज, एन्ट्री, माळा, ड्राय बाल्कनी आणि तीन वॉर्डरोब. फसलो ते नेमकं ह्या सटरफटरमध्येच. हॉलच्या झुंबरासाठी माणूस चार दुकानं पालथी घालतो, कपाटातल्या लाइटसाठी कोण फिरतंय, "तुम्हीच आणा आणि लावून टाका" म्हणून मोकळं होतो. मी अगदी हेच म्हणाले.

काम करणारा माणूस सोसायटीच्या ग्रुपवरून मिळाला, बोलायला एकदम गोड, प्रत्येक वाक्यात ताई. बॅगेतून सॅम्पल काढलं, अॅल्युमिनियमची पट्टी, हात नेला की पेटते, सोबत १२ व्होल्टचा ड्रायव्हर, म्हणजे घरची वीज लाइटला झेपेल इतकी उतरवणारी डबी, आणि नावाजलेल्या कंपनीचा खोका. वॉर्डरोबला अशाच तीन, वायरिंग आतून लपवून, प्रत्येकी ३,२००. पॅसेज, एन्ट्री आणि माळ्याला मिळून १२ वॉटचे सात पॅनल लाइट, ड्राय बाल्कनीला वॉटरप्रूफ, मजुरी धरून २४,०००. त्यातले १८,००० आधी. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "ताई, मग १८ टक्के जीएसटी वर लागेल, कशाला उगाच?" मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू. पैसे ज्या यूपीआयवर पाठवले त्यावर नाव भलत्याच बाईचं होतं, तेही "मिसेसचं अकाउंट आहे" म्हटल्यावर सोडून दिलं.

मी ऑफिसला, घरी फक्त सासूबाई. एका दिवसात काम उरकलं आणि जाताना पठ्ठ्याने झाडून घेतलं, सगळे रिकामे खोके गोणीत भरून घेऊन गेला. सासूबाई केवढ्या खूश, "बाई गं, कचरासुद्धा नेला!" आता कळतंय की नेला तो कचरा नव्हता, पुरावा होता. वॉट, ल्युमेन म्हणजे उजेड किती पडतो ते, एमआरपी सगळं खोक्यावर छापलेलं असतं, आणि आयएसच्या खुणेखाली आर ने सुरू होणारा नंबर असतो जो बीआयएस ह्या सरकारी मानक संस्थेच्या बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की कंपनी कुठली ते दिसतं. खोका नाही, बिल नाही, मग भांडणार कशाच्या जोरावर?

तीन आठवड्यांनी बेडरूमच्या वॉर्डरोबमधली पट्टी मंद झाली आणि मग बंदच पडली. ह्यांनी स्टूल घेतलं, वायर कुठे सैल झालीय का बघायला पट्टीला हात लावला तर ती टक्कन हातातच आली, मागे लोहचुंबक. वायर नाहीच. उलटी करून बघतात तर मोबाइलसारखं चार्जिंगचं भोक, ते बरोबर वरच्या फळीकडे तोंड करून लावलेलं. "अगं, ही तर चार्ज करायची आहे!" मी आधी हसले, मग बाकीच्या दोन ओढून बघितल्या. त्याही तशाच. ऑनलाइन तीन-साडेतीनशेला मिळतात. प्रकाश पांढराफेक, मी सांगितलेला ४००० केल्विनचा, म्हणजे ना पिवळा ना पांढराशुभ्र असा मधला, नव्हेच, आणि रंग असे मारतो की ह्यांनी एका पायात काळा आणि एका पायात नेव्ही ब्लू मोजा घालून ऑफिस गाठलं होतं. कपाटासाठी सीआरआय, म्हणजे लाइटमध्ये रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या आसपास बघून घ्यायचा असतो हे मला तेव्हा कुठे माहीत.

त्याला फोन केला तर "ताई, पोरांकडून चुकून लागलं असेल, बदलून देतो". तो बदलून देतोय तोवर जुलै आला, ड्राय बाल्कनीत ग्रिलमधून पाऊस आत, आणि ईएलसीबी, म्हणजे वीज कुठे गळली की लाइन तोडणारा बोर्डातला स्विच, पडायला लागला, दिवसातून दोनदा तीनदा. त्याने एक पोरगा पाठवला. पोरगा काय म्हणतो, "ईएलसीबी खराब आहे, काढून डायरेक्ट करतो, कटकट संपेल". नशीब सासूबाईंनी त्याला बोर्डाला हात लावू दिला नाही आणि सोसायटीच्या इलेक्ट्रिशियन काकांना बोलावलं. काकांनी लाइट उघडून माझ्यासमोर धरली. आत वेगळा ड्रायव्हर नाही, सगळे पार्ट एकाच प्लेटवर आणि त्यावर सरळ २३० व्होल्ट, ह्याला डीओबी म्हणजे ड्रायव्हर ऑन बोर्ड म्हणतात म्हणे. रबराचं पॅकिंग नाही, बॉडी लोखंडी आणि तिला अर्थिंग नाही, कडेला पाण्याचे ओघळ. "वहिनी, ईएलसीबी ठणठणीत आहे, ३० मिलीअँपिअर गळती झाली की पडणं हेच त्याचं काम. काढला असता तर वॉशिंग मशीन लावताना आजींनाच शॉक." मी तिथेच खाली बसले. २४,००० चा राग एकीकडे आणि हे एकीकडे.

बाकीच्या सात पॅनलवर माझा भरवसा उरलाच नव्हता. काकांनी मीटरची युक्ती सांगितली. आमच्या महावितरणच्या मीटरवर ३२०० इम्पल्सला एक युनिट असं छापलंय, म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं बाकी सगळं बंद, फ्रिज राउटर सकट, फक्त ते सात पॅनल चालू, मुलगा खाली मीटर रूममध्ये आणि मी वरती फोन कानाला लावून. सात गुणिले बारा ८४ वॉट, म्हणजे दहा लुकलुकी सव्वादोन मिनिटांत व्हायला हव्यात. चार झाल्यावर मुलगा विचारतो, "आई, मीटर बंद पडलंय का?" दहा व्हायला जवळजवळ पाच मिनिटं लागली. हिशेब केला तर एक पॅनल बाराच्या जागी साडेपाच वॉट. तरीच पॅसेजमध्ये चपला शोधायला मोबाइलची टॉर्च लागत होती, आम्ही आपले डोळ्यांचा नंबर वाढला म्हणून गप्प.

१९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तक्रार घेतली, बिल मागितलं. माझ्याकडे डायरीच्या पानावरचं एस्टिमेट, त्यावर ना सही ना नाव. यूपीआयचा स्क्रीनशॉट तेवढा दिलाय. त्याने मला ब्लॉक केलंय. काकांनी ड्राय बाल्कनीला आयपी ६५ ची, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारी, प्लॅस्टिक बॉडीची लाइट लावली, बिल आणि खोका दोन्ही माझ्या हातात देऊन, आणि तो खोका आता माळ्यावर जपून ठेवलाय.

परवा खारघरच्या मैत्रिणीने एक मेसेज पाठवला, नवीन टॉवरच्या ग्रुपवर आलेला, "पॅसेज आणि वॉर्डरोब लाइटिंग स्पेशालिस्ट, ५ वर्षं गॅरंटी, हा माणूस कसा आहे गं?" खाली फोटो. फोटोत आमचा पॅसेज, आणि कोपऱ्यात सासूबाईंच्या निळ्या चपला.