मायॅकचा सीझन पास: अख्खा सीझन वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्यांची सुटका होईल. मायॅक म्हणजे मिनेसोटातल्या छोट्या कॉलेजांची लीग, आणि हा तिच्यातल्या एका कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या होम मॅचचा पास. पैसा वसूल आहे, घ्या. फक्त आपल्या टीमनं टचडाऊन केला की टाळ्या वाजवा आणि लगेच बुटाची नाडी बांधायला वाका. टचडाऊनचे सहा पॉइंट, त्यानंतर चेंडू दोन खांबांमधून मारला की आणखी एक. ती किक बघू नका.

हे आजच लिहायला घेतलं त्याला कारण आहे. ‘पुढच्या वर्षीचा पास आत्ताच रिन्यू करा, दहा टक्के सूट’ असा मेल आला, आणि तो आला कधी, तर शेवटची होम मॅच आम्ही एका पॉइंटनं घालवली त्याच्या दुसऱ्या दिवशी. तीन टचडाऊन त्यांचे, तीन आमचे. त्यांच्या तिन्ही किक आत, आमच्या दोन आत आणि एक डाव्या खांबाला ठण्णकन लागून बाहेर. २१-२०. मेल पाठवणाऱ्याच्या टायमिंगला दाद द्यायला हवी.

‘आम्ही’ म्हणजे मुलीचं कॉलेज. नाव लिहीत नाही. खाली जे काही बोलणार आहे ते वाचून तिला हॉस्टेलात तोंड लपवायची वेळ यायची. मिनेसोटा, डिव्हिजन थ्री म्हणजे कॉलेजच्या खेळांतला तिसरा स्तर, एमआयएसी कॉन्फरन्स म्हणजे ती लीग, इथल्या तोंडी ‘मायॅक’, एवढ्यावर भागवा. सीझनला दहा मॅच, शनिवार, दुपारी एक, आणि खेळासाठी स्कॉलरशिप कुणालाच नाही.

आधी चांगलं सांगतो. पाच होम मॅचचा पास जेवढ्याला पडतो, तेवढे पैसे डाउनटाऊनमध्ये व्हायकिंग्ज या व्यावसायिक टीमच्या मॅचला नुसत्या पार्किंगला जवळपास जातात. इथे पार्किंग फुकट. गाडी लावली की पाच मिनिटांत बाकावर. आणि बाकावरून काय दिसतं! टीव्हीवर जो खेळ मुंग्यांच्या रांगेसारखा वाटतो तो इथे अंगावर येतो. लायनीतल्या पोरांचे खांदे एकमेकांवर आदळल्याचा आवाज ऐकू येतो, कोच कुणाला काय बोलला तेही कळतं. मॅच संपली की खेळाडू हेल्मेट काखेत मारून आईबापांशी बोलत उभे. परवा ज्यानं आमच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चाली चालवणाऱ्या खेळाडूला, दोनदा लोळवला तो धिप्पाड पोरगा मॅचनंतर आजीकडून कुकीचा डबा घेत होता.

खाण्याचं म्हणाल तर मला शनिवार असतो. स्टॉलवर हॉट डॉग, नाचोज, पॉपकॉर्न. पहिली मॅच केळ्यांवर काढली. पुढच्या वेळी बायकोनं थर्मासमध्ये साबुदाण्याची खिचडी भरून दिली, तर गेटवरच्या स्वयंसेवक आजींनी झाकण उघडायला लावलं, वाकून वास घेतला, शेंगदाणे आहेत का विचारलं आणि म्हणाल्या, जरा कडेला बसून खा, कुणाला ॲलर्जी असते. बस्स. मोठ्या स्टेडियमात हाच थर्मास कचऱ्याच्या पिंपात गेला असता.

आता वाईट. तिकिटांचं ॲप. पास घ्या, फी. बायकोसाठी पास जोडा, आणखी फी. कागद नाही, पोस्ट नाही, माणूस नाही, मग ही कन्व्हीनियन्स फी कसली? मी तीन मेल लिहिले. फी परत केली नाही, पुढच्या खरेदीवर कूपन दिलं. कूपन वापरायला गेलो तर त्या खरेदीवर पुन्हा फी. आणि हा पास प्लेऑफला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीला, चालत नाही. ते सामने एनसीएए या कॉलेज खेळांच्या देशव्यापी संघटनेचे, त्यांचं तिकीट वेगळं. आमच्या टीमनं तो प्रश्न उद्भवूच दिला नाही, ही गोष्ट वेगळी.

पण हे सगळं सोसता येतं. सोसत नाही तो एक्स्ट्रा पॉइंट, म्हणजे टचडाऊननंतरची ती किक.

चेंडू गोलरेषेपासून तीन यार्डांवर, तो किकसाठी धरून ठेवणारा होल्डर सात यार्ड मागे, गोलरेषेपासून खांबांपर्यंतच्या एंड झोनचे दहा. वीस यार्डांची किक, समोर मोकळे खांब. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ही किक कुणी चुकतच नव्हतं, म्हणून २०१५ साली त्यांनी ती मागे नेऊन ३३ यार्डांची करून टाकली. आमच्याकडे वीसमध्येच चित्तथरारक. या सीझनमध्ये मी एक्स्ट्रा पॉइंट उजवीकडून जाताना पाहिला, डावीकडून जाताना पाहिला, आमच्याच लायनीतल्या पोराच्या पाठीवर आपटताना पाहिला. एकदा तर चेंडू होल्डरच्या डोक्यावरून गेला आणि समोरच्या टीमनं उचलून पळत नेला, म्हणजे आमच्या टचडाऊनवर त्यांना दोन पॉइंट. त्या दिवशी मी मैदान सोडून गाडीत जाऊन बसलो होतो.

ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत माझं म्हणणं सरळ होतं: किकर बदला. बायको म्हणायची, पोरगं आहे, चुकतं. मी म्हणायचो, बाकीची शंभर पोरंही पोरंच आहेत.

मग एका बुधवारी मुलीला घ्यायला लवकर पोचलो आणि वेळ जावा म्हणून प्रॅक्टिस बघत जाळीशी उभा राहिलो. मोठ्या मैदानावर कोच आणि सगळी टीम, आरडाओरडा. लांबच्या कोपऱ्यात तिघं: स्नॅपर, होल्डर, किकर. चौथं कुणी नाही. स्नॅपर वाकतो, दोन पायांमधून सात यार्ड मागे चेंडू फेकतो. होल्डर एका गुडघ्यावर. चेंडू हातात आला की त्याचं टोक जमिनीला टेकवायचं आणि वरचं बोट न उचलता तो असा फिरवायचा की शिवण खांबांकडे जाईल, किकरच्या पायाकडे नाही. तोवर किकर निघालेला असतो. स्नॅप सुटल्यापासून पाय लागेपर्यंत सव्वा ते दीड सेकंद. त्याहून जास्त लागला तर कुणीतरी येऊन अडवणारच. होल्डर म्हणजे दुसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक. त्याच्या बोटांना इतकी थंडी भरली होती की दर दोन किकनंतर तो हात काखेत घालत होता. दहापैकी तीन वेळा शिवण मागेच राहत होती, आणि त्या तीनही किक वाकड्या जात होत्या. किकरचा पाय मात्र दहाही वेळा सारखाच पडत होता.

एक चेंडू जाळीशी आला तो मी परत दिला, तेव्हा किकरशी दोन शब्द बोलणं झालं. सॉकर खेळणारं पोरगं, फर्स्ट इयर, नम्र. म्हणाला, सर, हायस्कूलला टी होती, आणि खांब रुंद होते. घरी येऊन खातरजमा केली. हायस्कूलला दोन खांबांमधलं अंतर २३ फूट ४ इंच, कॉलेजला १८ फूट ६ इंच. हायस्कूलला चेंडूखाली दोन इंचांची टी चालते, कॉलेजात ती १९८९ पासून बंद. म्हणजे गेल्या सीझनपर्यंत उंचवट्यावरच्या चेंडूला पावणेपाच-पाच फूट जास्त रुंद दारातून मारणारं पोरगं सप्टेंबरात सपाट टर्फवरून अरुंद दारात मारणार, आणि मधल्या काळात त्याला शिकवायला कोण, तर कुणी नाही. मोठ्या कॉलेजात हीच जागा स्कॉलरशिप देऊन भरतात.

तेव्हापासून माझा राग पोरावरून उठून हिशेबावर जाऊन बसलाय. डिव्हिजन थ्रीमध्ये कॉलेज खेळाडूला खेळाचे पैसे देत नाही. खेळाडू कॉलेजला फी देतो. मायॅकमधल्या बऱ्याच कॉलेजांची वर्षाची फी कागदावर ५०,००० डॉलरच्या वर. गरजेप्रमाणे किंवा मार्कांवर मदत मिळते म्हणून प्रत्येक जण तेवढी भरत नाही हे मान्य, पण शंभर पोरं फुटबॉलसाठी म्हणून येतात ही कुठल्याही छोट्या कॉलेजला केवढी मोठी गोष्ट आहे! मग त्यातून आठवड्याला दोन दुपारी येणाऱ्या एका किकिंग कोचचं मानधन निघू नये? नवा स्कोअरबोर्ड निघाला. त्यावर टचडाऊन झाला की ॲनिमेशन येतं. किक हुकल्यावर काही येत नाही.

किकऐवजी चेंडू पुन्हा एंड झोनमध्ये नेला तर दोन पॉइंट मिळतात. मग दर वेळी दोनसाठीच का जात नाहीत? हा प्रश्न मी डोक्यात बराच घोळवला. किक शंभरात ऐंशी वेळा बसत असेल, तर दोनची चाल शंभरात चाळीस वेळा साधली तरी हिशेब सारखाच. चाळीसच्या वर गेलात तर फायदा. पण कोच लोक गणितानं चालत नाहीत, बोलणी खायच्या भीतीनं चालतात. किक हुकली तर पोराचा दोष, दोनची चाल फसली तर कोचचा. अपवाद पाहायचा तर डिव्हिजन थ्रीची २०२३ ची फायनल, स्टॅग बोल, व्हर्जिनियातलं सेलम. इलिनॉयचं नॉर्थ सेंट्रल गतविजेतं. शेवटच्या दोन मिनिटांत टचडाऊन करून ३८-३७ वर आलं. एक किक आणि बरोबरी. ते दोनसाठी गेले, न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्टलंडनं अडवलं आणि खेळ खलास. मला त्या कोचचं कौतुकच वाटतं. बायको म्हणते, मुलगी तिथे शिकत नाही म्हणून कौतुक सुचतंय.

आमच्याच कॉन्फरन्सच्या इतिहासात किकचं मोल कळलेलं एक कॉलेज आहे, सेंट पॉलचं मॅकॅलेस्टर. १९७४ पासून सलग ५० मॅच हरले. पन्नास! आणि सप्टेंबर १९८० मध्ये ती माळ तुटली कशी, तर माउंट सेनारिओ कॉलेजविरुद्ध अगदी शेवटच्या सेकंदांतल्या फील्ड गोलनं, म्हणजे टचडाऊनशिवाय मारलेल्या तीन पॉइंटांच्या किकनं, १७-१४. लायनीतले मल्ल वर्षानुवर्षं आदळत राहिले, आणि सुटका केली एका किकरनं. ही गोष्ट छापून प्रत्येक कोचच्या खोलीत लावायला हवी.

इतिहासाचा विषय निघालाच आहे तर दोन-तीन गोष्टी, कारण पास घेतल्यावर मला या कॉन्फरन्सचं वाचनवेड लागलं आणि त्याला फी पडत नाही. सेंट जॉन्स कॉलेजचे कोच जॉन गॅलिआर्डी: १९५३ ते २०१२, एकाच कॉलेजात ६० सीझन. आधीची मोंटानातली चार वर्षं धरून ४८९ विजय, कॉलेज फुटबॉलमध्ये सगळ्यांत जास्त. प्रॅक्टिसमध्ये टॅकल, म्हणजे धरून पाडणं, नाही, शिट्टी नाही, पोरांनी ‘कोच’ म्हणायचं नाही, सरळ जॉन म्हणायचं. २००३ च्या फायनलमध्ये याच बिनटॅकलच्या प्रॅक्टिसवाल्यांनी ओहायोच्या माउंट युनियनची ५५ विजयांची माळ तोडली.

दुसरी गोष्ट नॉर्थफील्डची. तिथे कार्लटन आणि सेंट ओलाफ ही दोन कॉलेजं एकाच गावात. १९७७ साली त्यांनी यार्डांऐवजी मीटरच्या मैदानावर एक मॅच खेळली, ‘लिटर बोल’ नावानं. ओलाफ ४३-० नं जिंकलं आणि अमेरिका यार्डांवरच राहिली. मीटर-लिटरात वाढलेल्या माणसाला हे वाचून बरं वाटतं.

आणि याच कॉन्फरन्समधलं तेव्हाचं कॉलेज सेंट थॉमस. इतके वरचढ झाले की २०१७ मध्ये त्यांनी याच ओलाफला ९७-० नं धुतलं. त्याच वर्षी मिनियापोलिसच्या टार्गेट फील्ड या बेसबॉल स्टेडियमवर त्यांची सेंट जॉन्सशी मॅच झाली तिला ३७,३५५ माणसं होती, डिव्हिजन थ्रीमध्ये एवढी गर्दी त्याआधी कधीच झाली नव्हती. २०१९ मध्ये बाकीच्यांनी त्यांना कॉन्फरन्सबाहेर काढायचं ठरवलं, आणि २०२१ मध्ये ते थेट डिव्हिजन वनमध्ये गेले. लोक यावर अजून भांडतात. मी सगळ्यांत जास्त गर्दी खेचणारं गिऱ्हाईक दुकानातून हाकललं असतं का? नसतं. पण ९७-० ची मॅच बघायला पैसे दिले असते का? तेही नसते. आणि खरं सांगू, तो आकडा वाचल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं? सातच्या पाढ्यात ९८ आहे, ९७ नाही. एक पॉइंट गेला कुठे? इतकं हे भूत बसलंय.

बाहेरच्या मॅच मी स्ट्रीमिंगवर पाहिल्या. मूरहेड म्हणजे फार्गोच्या शेजारी, एका दिशेला साडेतीन तास, पेट्रोल वेगळं. चित्र एकाच कॅमेऱ्याचं, कॅमेऱ्यामागे तासावर काम करणारा विद्यार्थी. क्वार्टरबॅकनं फसवलं की तोही फसतो आणि रिकाम्या हातानं पळणाऱ्याच्या मागे कॅमेरा नेतो. त्याची तक्रार नाही, मीही फसतो. तक्रार अशी की टचडाऊन झाला, टीम किकसाठी उभी राहिली की हमखास ते गोल चक्र फिरायला लागतं. सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं, ब्राउझरची कॅश साफ करा. चित्र परत येतं तेव्हा किकऑफ झालेला असतो आणि स्कोअर बघून कळतं, सहा की सात. सीझनच्या शेवटी शेवटी मला ही सोयच वाटायला लागली होती.

घेणाऱ्यांसाठी: मधल्या बाकांच्या मागे लागू नका, एंड झोनच्या बाजूला कोपऱ्यात बसा, किक आत गेली की नाही ते रेफरीच्या आधी कळतं. ऑक्टोबरनंतर ॲल्युमिनियमच्या बाकावर जाड सतरंजी न्या, उशी पुरत नाही. आणि ॲपवरून काही घेऊ नका. कॉलेजच्या ऑफिसात खिडकी आहे, चेक चालतो, फी शून्य. मी परवा तिथेच जाऊन दोन पास रिन्यू केले, दहा टक्के सूट मागून घेतली. खिडकीवरच्या बाईंना विचारलं, किकर तोच आहे ना? हो, अजून तीन वर्षं आहे. होल्डर? तोही आहे. स्नॅपर मात्र या मे महिन्यात पदवी घेऊन चाललाय. मग नवा स्नॅपर कोण, असं विचारलं तर त्यांनी मला रोस्टरचा कागद दिला आणि म्हणाल्या, तुम्हीच शोधा, मला ती पोझिशन असते हेच माहीत नव्हतं.