वाळूत रुतलेली गाडी: आधी दोरखंड घ्यावा की फळ्या?

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी, घेऊन किनाऱ्यावर उतरणाऱ्याला आज ना उद्या हा प्रश्न पडतोच. रिकव्हरीसाठी, म्हणजे रुतलेली गाडी बाहेर काढण्यासाठी, आधी काय घ्यावं, ताणणारा कायनेटिक दोरखंड की ट्रॅक्शन बोर्डांची, म्हणजे चाकाखाली सारायच्या दातेरी फळ्यांची, जोडी? दोन्ही घेतलीत तर उत्तमच. पण बहुतेकांची सुरुवात एकापासून होते, माझीही झाली. मी आधी दोरखंड घेतला, तीन वर्षं तेवढाच बाळगला आणि मग फळ्या घेतल्या. आज गाडीत दोन्ही आहेत. त्यातल्या कशाकडे हात आधी जातो ते ओघात येईलच.

त्याआधी एक सांगून टाकतो. टायरची हवा उतरवायचं साधन, ती पुन्हा भरायला छोटा कॉम्प्रेसर आणि लांब दांड्याचं फावडं या तीन गोष्टी गाडीत नसतील, तर दोरखंड आणि फळ्यांचा विचार नंतर करा. रस्त्यावरच्या ३२-३५ पीएसआयवर भुसभुशीत पुळणीत गाडी घातली तर ती बसणारच. मी वाळू लागण्याआधीच १६-१८ वर येतो आणि रुतलो तर १२ पर्यंत उतरतो. त्याखाली गेलं की वळताना टायर रिमवरून निसटायची धास्ती असते, म्हणून तिथे थांबतो. हवा उतरली की टायर रुंद होतो असं बरेच जण धरून चालतात, पण ठसा वाढतो तो मुख्यतः लांबीला. गाडीचं वजन तेवढंच राहतं, ते जास्त वाळूवर वाटलं जातं. माझे निम्मे प्रसंग इथेच मिटलेत: हवा १२ वर, मागच्या चाकांमागची वाळू उपसली आणि आल्या चाकोरीनेच सावकाश रिव्हर्स. येताना आपणच दाबून घट्ट केलेली वाळू मागे असते. पुढचं सगळं उरलेल्या निम्म्या प्रसंगांसाठी.

विंचचं, म्हणजे केबल गुंडाळत गाडी ओढणाऱ्या चरखीचं, थोडक्यात आटोपतो. किनाऱ्यावर केबल बांधायला झाड मिळत नाही. स्टेपनी पुरून तिला केबल लावता येते, मी एकदा केलंही आहे. पण तेवढा खोल खड्डा खणण्याच्या श्रमात चारही चाकं मोकळी झाली असती, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

आता दोरखंड. तो नायलॉनचा असतो आणि ताणला जाणं हेच त्याचं काम. चपटा स्नॅच स्ट्रॅप साधारण २० टक्के ताणतो, दुहेरी विणीचा गोल दोर ३० टक्क्यांपर्यंत. (साधा टोइंगचा पट्टा वेगळा. तो ताणत नाही, त्यामुळे त्याने धावत्या गाडीतून ओढायला जाऊ नका.) ओढणारी गाडी थोडा ढिला दोर ठेवून सावकाश निघते, दोर रबरासारखा लांबत जातो आणि साठलेली ओढ रुतलेल्या गाडीला देतो. पहिल्यांदा मी रुतलेल्या गाडीत स्टिअरिंगवर होतो तेव्हा झटका बसेल म्हणून दात आवळून बसलो होतो. झटका आलाच नाही. पाठ हळूच सीटला टेकली, गाडी कुणी कमरेला धरून उचलावी तशी खड्ड्यातून वर आली आणि दहा-बारा फूट पुढे जाऊन उभी राहिली. बांधण्यापासून सोडण्यापर्यंत पाच मिनिटंही लागली नसतील. इतकं समाधान देणारं दुसरं साधन माझ्या पाहण्यात नाही. शिवाय गुंडाळला की सीटखाली मावतो.

त्याची काळजी मात्र घ्यावी लागते. दोराची ताकद दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या भरल्या वजनाच्या दोन ते तीन पट असावी, असा सर्वसाधारण नियम आहे. जास्त जाड घेतला तर तो पुरेसा ताणतच नाही आणि मग खरोखरच झटका बसतो. भिजलेल्या नायलॉनची ताकद कमी होते. वाळूचे कण विणीत शिरले की धागे आतून कापले जातात, म्हणून परत आल्यावर गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचा. पहिल्या ओढीत गाडी हलली नाही की आजूबाजूचे लोक 'अजून जोरात' म्हणतात. तेव्हा एवढं लक्षात असू द्या की वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते, आणि काही तुटलं तर ती सगळी ऊर्जा तुटलेल्या तुकड्यात जाते. बघ्यांना दोराच्या लांबीच्या किमान दीडपट दूर उभं करायचं आणि ओढीच्या रेषेत कुणालाच नाही. दोर गाडीला अडकवायच्या लोखंडी कडीऐवजी (शॅकल) मऊ दोरीचा शॅकल वापरला तर उडणारं लोखंड एकाने कमी होतं.

या सगळ्याची सवय होते. मला सवय झाली नाही ती एकाच गोष्टीची: दोराचं एक टोक दर वेळी दुसऱ्याच्या गाडीला बांधावं लागतं.

माझा कल ज्या दुपारी बदलला ती सांगतो. आम्ही दोघे मित्र एकच गाडी घेऊन गेलो होतो. भरतीच्या रेघेच्या खाली, कोरड्या आणि ओल्या वाळूच्या मधल्या पट्ट्यात गाडी बसली. मागचा अॅक्सल टेकला होता. दोरखंड होता, ओढायला कुणी नव्हतं. पाऊण तासाने एक गाडी दिसली. आतले गृहस्थ लगेच उतरले, मनापासून मदत करायची त्यांची तयारी होती. त्यांच्या गाडीला मागे ट्रेलर ओढायचा गोळा होता, बाकी काही नाही. पुढे खाली एक कडी होती, पण ती गाडी ट्रकवर चढवून बांधण्यासाठीची, पातळ पत्र्याला जोडलेली. दोर गोळ्यात अडकवा, असं त्यांचं म्हणणं. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, 'अहो, काही होत नाही. अशाच किती ओढल्यात मी.'

आणि त्यांनी खरंच ओढल्या असतील. गोळा दर वेळी तुटत नाही. पण तो ट्रेलरची सरळ, संथ ओढ पेलण्यासाठी बनवलेला असतो, ताणलेल्या दोराचा भार त्याच्या बारीक मानेवर यावा अशी त्याची रचनाच नाही. तुटला तर दोर त्याला गोफणीसारखा रुतलेल्या गाडीच्या काचेवर नेऊन आदळतो, आणि काचेमागे माणूस बसलेला असतो. अशाने माणसं दगावली आहेत. हे मी त्यांना समजावत होतो, ते मला समजावत होते आणि पाणी चढत होतं. दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यावर पहिल्या तासात पाणी एकूण चढाच्या जेमतेम बाराव्या हिश्शाइतकं वर येतं, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं चढतं. आमचा तिसरा तास सुरू होता. मदतीला धावून आलेल्या माणसाला 'तुमची गाडी चालणार नाही' असं सांगावं लागणं मला फार जड गेलं. ते थोडे दुखावले गेले, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही वाईट वाटलं असतं.

शेवटी आम्ही तिघांनी एका फावड्याने आणि हातांनी अॅक्सलखालची वाळू काढली, हवा १८ वरून १२ वर आणली आणि चौथ्या प्रयत्नात गाडी रिव्हर्समध्ये निघाली. मागची चाकं तोवर फेसात होती. दोरखंड पिशवीतून बाहेरही आला नव्हता. त्यानंतरच्या महिन्यात मी फळ्या घेतल्या.

फळ्यांची कल्पना जुनी आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून राल्फ बॅग्नॉल्ड हा ब्रिटिश लष्करी अभियंता साध्या फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात फिरत असे. रुतलेल्या चाकांपुढे पोलादी पन्हळी सरकवायच्या आणि टायरची हवा उतरवायची, ही त्याची पद्धत. १९४० मध्ये त्याने उभारलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपच्या ट्रकांवर अशाच पन्हळी बांधलेल्या असत, आणि त्यातल्या अनेक ट्रकांना फोर बाय फोर नव्हतं. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की भोवती शेकडो मैल कुणी नसताना ही माणसं आपल्याच बळावर बाहेर पडत होती.

आजच्या फळ्या चांगल्या नायलॉनच्या, साधारण हातभर रुंदीपेक्षा कमी आणि सव्वा मीटरच्या आतबाहेर लांबीच्या. त्या वापरण्यात कौशल्य कमी, श्रम जास्त. गुडघ्यांवर बसून चाकासमोरची वाळू दोन्ही हातांनी ओढायची. कोरडी वाळू परत खाली घसरत येते, म्हणून खड्डा न करता उतार करायचा, टायरच्या तळापासून वर बाहेर निघणारा. फळीचं टोक टायरखाली जाईल तेवढं सारायचं आणि पायाने दाबून बसवायचं. त्याआधी गाडीच्या पोटाखाली हात घालून पाहायचा. चेसिस किंवा अॅक्सल वाळूवर टेकलेला असेल तर ती वाळू आधी काढायची, नाहीतर चाकं फळीवर आणि वजन पोटावर अशी गाडी अडकून राहते. मग लो रेंज (फोर बाय फोरचे जास्त जोराचे, कमी वेगाचे गिअर), पहिला किंवा दुसरा गिअर, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक गरगरलं की आपोआप जोर कमी करणारी यंत्रणा) बंद आणि अॅक्सिलरेटर अगदी हलका. टायरच्या नक्षीत फळीचे दात बसतात तेव्हा खालून कर्र असा आवाज येतो आणि बॉनेट चार बोटं वर उठतं. तो आवाज ऐकला की पाय तिथेच स्थिर ठेवायचा. उत्साहात दाबला की चाक फळीवर गरगरतं आणि घर्षणाने दात वितळतात. माझ्या एका फळीवर असा वीतभर गुळगुळीत पट्टा आहे. तो पडायला दोन सेकंदही लागले नव्हते, आणि त्या फळीचं ते टोक आता मी चाकाखाली घालत नाही.

उणिवा आहेत, त्या झाकत नाही. फळ्या सीटखाली मावत नाहीत. छतावर बांधल्या तर वेगात शिट्टी वाजते, आत ठेवल्या तर सगळीकडे वाळू. उन्हात खणताना जीव मेटाकुटीला येतो. गाडी निघाली की कडक जमीन लागेपर्यंत थांबता येत नाही, मग दोन-अडीचशे पावलं मागे चालत जाऊन फळ्या आणाव्या लागतात. चाक घसरलं तर फळी मागे फेकली जाते, म्हणून त्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही. आणि एका जागी फळ्या खरोखर कमी पडतात, ते म्हणजे पाण्याच्या अगदी काठाशी. तिथली भिजलेली वाळू चाकाच्या थरथरीने पातळ होते आणि चाक थांबलं की घट्ट धरून ठेवते. फळी त्या लगद्यात बुडत जाते. तिथे ओळखीची दुसरी गाडी आणि दोरखंड हेच औषध, आणि तेही लवकर.

तेव्हा तुम्ही कायम दोन-तीन गाड्यांच्या जथ्यातच जाणार असाल, सगळ्यांच्या गाड्यांना पुढे-मागे चेसिसला बोल्ट केलेले, किती भार पेलतील ते नोंदलेले रिकव्हरी पॉइंट, म्हणजे दोर अडकवायच्या मजबूत जागा, असतील आणि ते तुम्ही स्वतः वाकून पाहिले असतील, तर आधी दोरखंड घेण्यात काहीच चूक नाही. जड गाडीवाल्यांना तो अधिक पटेल, हेही मान्य. माझा अनुभव थोड्या किनाऱ्यांचा आणि एकाच मध्यम वजनाच्या गाडीचा आहे.

पण जथ्यातही मी असं पाहिलंय की ओढायला आलेली गाडी भुसभुशीत वाळूत जोर लावते आणि स्वतःच खाली जाते. मग एका रुतलेल्या गाडीच्या दोन होतात. अशा वेळी ओढणाऱ्या गाडीच्या चाकांखालीही फळ्याच घालाव्या लागल्या. उलट, फळ्या जवळ असताना दोरखंडावाचून अडलंय असा प्रसंग माझ्यावर त्या ओल्या काठाखेरीज आला नाही. मला आज पुन्हा एकच निवडायचं असतं, तर मी फळ्या निवडल्या असत्या, आणि उरलेल्या पैशांत पहिल्यांदा गाडीला नीट रिकव्हरी पॉइंट बसवून घेतले असते, म्हणजे पुढे दोरखंड आला तर निदान आपलं टोक तरी खात्रीचं राहील.

फळ्या घेतल्यात तर प्रत्येकीच्या मागच्या टोकाला दोन हात लांब, भडक रंगाची पट्टी बांधून ठेवा. वजनाखाली गेलेली फळी वाळूत पूर्ण गाडली जाते. माझी एक फळी अंधारात अर्धा तास सापडत नव्हती. पायाने चाचपत फिरताना ती अखेर टाचेला लागली, चाकोरीपासून हातभर बाजूला आणि वीतभर खोल.